मैदानावरचे कापड आणि मोरीवरचा दगड

आमच्या विहारातील मुलामुलींचा पोलीस भरतीचा सराव पहाटे साडेपाचला सुरू होतो. आठवड्यातून चार दिवस मैदान आणि एक दिवस त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या. हातात घड्याळ घेऊन उभे राहायचे आणि वहीत वेळा लिहायच्या, हे काम आमच्याकडे. मे महिन्यातल्या एका सकाळी मुलींची आठशे मीटर धाव चालू होती. नेहमी पहिल्या दोघींत असणारी एक मुलगी दुसऱ्या फेरीत डावा हात कमरेला धरून धावताना दिसली. आम्हाला वाटले, कुशीत कळ आली असेल. वेळ लिहिली. नेहमीपेक्षा बावीस सेकंद जास्त. त्यानंतर तीन दिवस ती आलीच नाही.

चौथ्या दिवशी आमच्या पत्नीने घरी जाऊन चौकशी केली तेव्हा खरे कारण कळले. कळबिळ काही नव्हती. तिची धावायची टाइट कमरेत इतकी सैल झाली होती की पळताना खाली सरकत होती. म्हणून ती एका हाताने धरून धावली. मांडीवरचे कापड तर इतके विरळ झाले होते की खाली वाकले की आतले दिसे. मैदानावर मुले असतात, बघे असतात. ती घरी बसली. आम्हाला तिने सांगितले नाही आणि आम्हाला ते सुचलेही नाही, याची आम्हाला लाज वाटली.

भरतीत आठशे मीटरला किती महत्त्व आहे हे ज्यांच्या घरी भरतीची पोरे आहेत त्यांना सांगायला नको. २०२४ च्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची होती. मुलींना ८०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. तिथे एकेका गुणावर नोकरी जाते. एका विरलेल्या टाइटपायी घरातली पहिली सरकारी नोकरी हुकावी, ही गोष्ट मनाला लागून राहते.

आम्ही वही काढली. जानेवारीत विहाराच्या वर्गणीतून आठ मुलींना प्रत्येकी एक टाइट घेतली होती. एकीची किंमत ४५० रुपये. मेच्या अखेरीस आठपैकी पाच निकामी झालेल्या. दुकानदाराने माल खराब दिला म्हणून आम्ही तावातावाने भांडायला निघालो होतो. पण उरलेल्या तिघींच्या टाइट त्याच दुकानातल्या, त्याच गठ्ठ्यातल्या, आणि त्या अजून चांगल्या होत्या. मग फरक कुठे पडला?

फरक मोरीवर पडला होता. त्या मुलीची आई चार घरची धुणीभांडी करते. हाताला इतकी सवय की चादरीवरचा कसलाही डाग तिच्यापुढे टिकत नाही. लेकीची टाइट ती रोज मनापासून धूत होती. कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवायची, दगडावर पसरून ब्रशने घासायची, वर धोपाटण्याचे चार तडाखे, मग दोन्ही हातांनी पीळ घालून पाण्याचा थेंब न थेंब काढायचा आणि पत्र्यावर कडक उन्हात वाळत टाकायची. सुती लुगडे असते तर या धुण्याने लखलखीत झाले असते. हे कापड मात्र या प्रत्येक गोष्टीने मरते.

आम्ही हे सांगू लागलो तेव्हा ती हसली. म्हणाली, "भाऊ, मला माहीत आहे की. बाईच्या घरी त्यांच्या पोरीचे असले कपडे मी थंड पाण्यात, हलक्या हाताने धुते. त्यांनी बजावूनच ठेवलंय. पण ते महागाचं असतं. आपलं कापड कशाला एवढं लाडात ठेवायचं?"

याला आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. तेच हात, तेच कापड. दुसऱ्याच्या मुलीचे जपायचे आणि आपल्या मुलीचे बडवायचे. ही एका बाईची चूक नाही, ती फार जुनी सवय आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे वापरावीत असे लिहून ठेवले होते. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती मनुस्मृती जाळली आणि त्याच परिषदेच्या वेळी स्त्रियांशी वेगळे बोलताना त्यांनी कपड्यांचा विषय मुद्दाम काढला. पातळ नेसण्याची जुनी रीत सोडा, कपडे स्वच्छ ठेवा, अंगावरच्या कपड्यावरून जात ओळखू येऊ देऊ नका, असा त्या सांगण्याचा रोख होता. आपल्या अंगावरच्या कपड्याला किंमत आहे, हे आमच्या आयाबायांना पटायला तिथून सुरुवात झाली. ती माउली काही वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बरं, सांगा कसं धुवायचं ते. घरी पण तसंच धुते."

म्हणून हा लेख. यातले बरेच आम्ही तिच्याकडूनच शिकलो, थोडे वाचून.

आधी हे कापड काय आहे ते पाहू. टाइट, लेगिंग, ट्रॅक पॅन्ट, स्पोर्ट ब्रा, अंगाला बसणारे ड्राय-फिट टीशर्ट हे बहुधा पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे असतात आणि त्यात थोडा ताणणारा धागा घातलेला असतो. आपण त्याला सरसकट लायक्रा म्हणतो. ते खरे तर एका कंपनीच्या मालाचे नाव आहे. धाग्याचे नाव स्पॅन्डेक्स किंवा इलास्टेन. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने तो १९५८ साली तयार केला. हा धागा आपल्या लांबीच्या पाचपट ताणला तरी सोडल्यावर पुन्हा जागेवर येतो. आतल्या पट्टीवर पाहिले तर पॉलिएस्टर ८८ टक्के, इलास्टेन १२ टक्के असे काहीसे लिहिलेले असते. त्या थोड्या टक्क्यांवरच सगळा खेळ आहे. ते धागे तुटले की कापड दिसायला शाबूत राहते, पण त्यातला जीव जातो. गुडघ्यावर फुगवटा राहणे, कमरेला लाटा पडणे, शिवणीजवळ बारीक पांढरे केस बाहेर येणे ही त्याची लक्षणे. एकदा गेलेला ताण परत येत नाही. कोणी काहीही सांगो.

या धाग्याचे मोठे शत्रू दोन, उष्णता आणि ब्लीच. कढत पाणी, इस्त्री, दुपारचे ऊन यांनी तो हळूहळू कडक होऊन तुटतो. क्लोरीनच्या ब्लीचने तर पिवळा पडून लवकरच निकामी होतो. पांढरा टीशर्ट अधिक पांढरा व्हावा म्हणून त्यात ब्लीच ओतणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. धोपाटणे आणि ब्रश यांची भर वेगळी. आणि पिळणे! ओले कापड पिळताना त्याला जो पीळ बसतो तो मैदानावरच्या महिनाभराच्या धावण्यात बसत नसेल, असे आमचे मत झाले आहे.

आता धुणे. मैदानावरून आल्यावर घामाचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून तसेच संध्याकाळपर्यंत ठेवायचे, ही आमच्या सगळ्याच पोरांची सवय. निदान साध्या पाण्यातून काढून वाऱ्यावर टाकावेत. नोकरी-शाळेची घाई असली तरी याला दोन मिनिटे लागतात. पुढे धुताना कपडा उलटा करावा. घाम, मळ आणि अंगाचे तेल आतल्या बाजूला असते आणि वरची बाजू घासली की तिथे गोळे येतात. अर्धी बादली थंड पाणी घ्यावे. नाशिकच्या थंडीत बोटे गारठतात तेव्हा जरा कोमट केले तरी चालते, पण हात आरामात बुडवून ठेवता येईल इतकेच. त्यात लहान चमचाभर पावडर टाकून ती पूर्ण विरघळू द्यावी आणि मगच कपडा घालावा. पंधरा-वीस मिनिटे पुरे. रात्रभर भिजत ठेवू नये. मग दोन्ही हातांनी पिठाच्या गोळ्यासारखे दाबायचे, घासायचे नाही. कमरपट्टा आणि काखेचा भाग बोटांनी चोळावा.

पावडर जास्त टाकली म्हणजे कपडा जास्त स्वच्छ होतो, हा समज सोडावा. या घट्ट विणीत फेस अडकून बसतो, खळबळून निघत नाही, आणि त्या चिकट थरात पुन्हा घाम मुरतो. म्हणून फेस जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांतून काढावे. ज्या वस्त्यांत बोअरिंगचे पाणी आहे तिथे साबणाची वडी टाळलेली बरी. जड पाण्यात वडीच्या साबणाची राळ होते आणि ती कापडावर बसते. पावडरीचे किंवा लिक्विडचे तसे होत नाही. कपडे मऊ आणि सुगंधी करणारे जे द्रव्य शेवटच्या पाण्यात घालतात तेही या कपड्यांना नको. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम शोषून बाहेर टाकण्याचा जो या कापडाचा गुण, तोच जातो. तेवढेच पैसे वाचले.

पाणी काढायचे ते पिळून नव्हे. जुना पंचा पसरावा, त्यावर कपडा ठेवून वळकटी करावी आणि ती दाबावी. पंचा पाणी पिऊन घेतो. वाळत घालताना टाइट पायाकडून चिमट्याने लटकवू नये. पाण्याच्या वजनाने ती लांबते. मधोमध दुमडून दोरीवर टाकावी, सावलीत पण वाऱ्याच्या जागी. हे कापड पाणी कमी धरते, तासा-दोन तासांत सुकते, म्हणून उन्हाची गरजही नसते. ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनी हे कपडे उशीच्या अभ्र्यात घालून वर नाडी बांधावी आणि हळू धुण्यावर लावावे. जीनची पॅन्ट, चेनचे जॅकेट, हुकांचे कपडे यांच्याबरोबर घालू नये. चेनच्या एका दाताने कापड ओढले गेले की धागा सुटलाच.

आतल्या पट्टीवर काही चित्रे असतात, ती वाचायला आम्ही मुलींना शिकवले. पाण्याचे टोपले आणि त्यात ३० असेल तर पाणी तीस अंशांपेक्षा गरम नको. टोपल्यात हात असेल तर हाताने धुवा. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. इस्त्रीवर फुली म्हणजे इस्त्री नको. चौकोनात वर्तुळ आणि त्यावर फुली असेल तर सुकवण्याच्या मशीनमध्ये घालू नका. इंग्रजी येत नसले तरी ही चित्रे कोणालाही कळतात. त्या माउलीने तर दुसऱ्याच दिवशी मालकिणीच्या घरचे सगळे कपडे उलटे करून पाहिले म्हणे.

वासाची तक्रार सगळ्यांची असते. धुतलेला टीशर्ट अंगात घातला, थोडे पळाले, की कालचा वास पुन्हा उठतो. यात धुणाऱ्याचा दोष थोडा आणि कापडाचा जास्त. पॉलिएस्टर तेल धरून ठेवते. बेल्जियममधील घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली घामाचे सुती आणि पॉलिएस्टरचे टीशर्ट तपासले, तेव्हा पॉलिएस्टरला जास्त उग्र वास आला आणि वास आणणारे काही जंतू त्यावर अधिक वाढलेले आढळले. अशा वेळी अर्ध्या बादली पाण्यात छोटी वाटीभर पांढरे व्हिनेगर घालून कपडा वीस मिनिटे ठेवावा आणि मग नेहमीसारखा धुवावा. महिन्यातून एखाद्या वेळी पुरे. मात्र व्हिनेगर आणि ब्लीच एकाच बादलीत कधीही घालू नयेत. त्यातून विषारी वायू निघतो, आणि आपल्या मोऱ्या लहान, दार लावलेल्या असतात. धावण्याआधी मांडीला बाम किंवा तेल चोळणाऱ्यांनीही ते पुसून मगच टाइट घालावी.

आता एक विषय जो या पानावर क्वचित येतो, पण माता-भगिनींनी तो वाचावा. मुलींची स्पोर्ट ब्रा आणि आतले कपडे कुठे वाळतात? टॉवेलखाली, परकराखाली, मोरीच्या कोपऱ्यात, दाराच्या मागे. कोणी पाहू नये म्हणून. जाड कापडाची ती ब्रा तिथे दोन दिवस ओलसर राहते आणि मुलगी तशीच घालून मैदानावर येते. वर घाम. मग मांडीच्या सांध्यात, छातीखाली गजकर्ण उठते, ते ती लाजेने सांगत नाही आणि मेडिकलमधून कोणी सांगितलेली ट्यूब आणून लावते. यातल्या कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असते. दोन दिवस खाज थांबते आणि गजकर्ण पसरत जाते. त्यासाठी डॉक्टरच गाठावा. दोरीवर बापाचा बनियन उघडा वाळतो, भावाची चड्डी वाळते, मग मुलीच्याच कपड्याने चोरासारखे लपून का वाळावे? आम्ही विहारात हा प्रश्न विचारला तेव्हा पुरुष मंडळी छताकडे पाहू लागली. पण पुढच्या रविवारी एका घराच्या गॅलरीत दोरीवर मुलीचे कपडे मोकळे दिसले. आम्ही मुद्दाम तिकडे पाहिले नाही.

पावसाळ्यात अडचण वाढते. २०२४ ची मैदानी चाचणी जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाली होती. त्या दिवसांत कपडा सुकत नाही म्हणून पोरे इस्त्री फिरवतात, फ्रिजच्या मागे टाकतात, एका घरी तर गॅसच्या शेगडीवर धरलेली टाइट आम्ही पाहिली. तिला भोक पडले नाही हे नशीब, पण ताण गेलाच. पंच्यात वळकटी करून दाबा आणि पंख्याखाली दोरी बांधा, सकाळपर्यंत सुकते. शक्य असेल तर दोन जोड ठेवावेत आणि आलटूनपालटून घालावेत. ४५० रुपये पुन्हा कुठून आणायचे, हे आम्हाला कळते. पण चार-चार महिन्यांनी नवी घेण्यापेक्षा दोन घेऊन जपणे स्वस्त पडते, हे साधे गणित आहे. आणि भरतीच्या दिवशी नवी कोरी टाइट घालून जाऊ नये. चार वेळा धुतलेली, अंगाला बसलेली घालावी.

गणितावरून आठवले. आमची पोरे ज्या लेण्यांच्या पायऱ्या चढतात, त्याच त्रिरश्मी लेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्यात कपड्यांचा हिशेब कोरलेला आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे त्याने २००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. त्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. आम्ही कॉमर्सचे, म्हणून आकडा पडताळून पाहिला. २००० वर वर्षाचे व्याज २४०, भागिले वीस, बरोबर १२. कपड्याची तरतूद दगडावर कोरून ठेवण्याइतकी महत्त्वाची मानणारी माणसे याच डोंगरात राहत होती. आम्हीही विहाराच्या वहीत 'मैदानाचे कपडे' असे वेगळे पान आता उघडले आहे.

नाशिक जिल्ह्याने धावपटू काही थोडे दिलेले नाहीत. सावरपाड्याच्या आदिवासी कुटुंबातली कविता राऊत अनवाणी धावत पुढे आली आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवले. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये नौका वल्हवायला गेला. पायात बूट नसताना धावता येते असे म्हणून काही लोक आमच्या या कपड्यांच्या खटाटोपाला हसतात. त्यांना एवढेच सांगू की अनवाणी धावणे वेगळे आणि एका हाताने कपडा सावरत धावणे वेगळे.

ती मुलगी परत आली. तिच्या टाइटचे कमरेचे इलॅस्टिक आम्ही नाक्यावरच्या शिंप्याकडून बदलून घेतले, पण मांडीवरचे विरलेले कापड कोणाला भरून काढता आले नाही. शिंप्याकडे जाणाऱ्यांनी एक सांगावे, शिवण नागमोडी घालायची किंवा ओव्हरलॉक करायची. साधी सरळ शिवण पहिल्याच ताणाला तडकते. तिला नवी टाइट घेतली, ती तिची आई आता बादलीत दाबून धुते आणि आठ महिने झाले तरी कमरेत घट्ट आहे. या वेळी कमरेला हात न लावता तिने जी वेळ दिली ती वहीत आहे. भरतीपर्यंत आम्ही ती छापणार नाही.

जुनीचे काय केले? विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक गोष्ट आहे. कोसंबीच्या राजा उदयनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली, एवढ्या वस्त्रांचे हा भिक्खू काय करणार, दुकान मांडणार काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे फाटली आहेत त्यांना वाटीन. मग फाटलेल्यांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीचे अभ्रे. त्यांचेही जुने झाले तर? बसकरे, मग पायपुसणी, मग फडकी, आणि फडकी चिंध्या झाली की त्या कुटून मातीत कालवून जमीन सारवू. राजाने आणखी पाचशे चीवरे दिली. पॉलिएस्टर मातीत कालवून चालणार नाही, ते कुजत नाही आणि त्याचे बारीक धागे धुण्याच्या पाण्यातून तसेही गोदावरीकडे जातच असतात. पण पायपुसण्यापर्यंत आनंदाची यादी आम्हाला लागू पडली. शिवाय आमच्या पत्नीने त्या टाइटच्या एका पायाच्या पट्ट्या कापून गच्चीवरच्या कारल्याच्या वेलाला बांधल्या आहेत. सुतळीने वेलाचे देठ काचत होते, या पट्ट्यांनी काचत नाहीत.